वाळूची पोती

"कार घेतली असती तर पोरं खूश झाली असती," दौलतनाना पाहुण्यांना सांगत होते. "पण पोरं खूश होऊन बाग पिकत नाही."

अंगणात नवी कोरी पिकअप उभी होती. पुढच्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, बॉनेटवर झेंडूचा हार, चाकांखाली चिरडलेली लिंबं. आम्ही बायका हातात पेढा घेऊन एका कडेला उभ्या होतो आणि नाना पाहुण्यांना गाडीभोवती फिरवत होते. नवी गाडी दाखवणाऱ्या माणसाला थांबवता येत नाही. पाहुण्यांनी एकदा टायरला लाथ मारून बघितली, एकदा फाळका उघडून हौद्यात डोकावून बघितलं, तरी नानांचं समाधान होईना.

"आता तुम्ही म्हणाल, ट्रक का नाही? ट्रक आमच्या बांधावरून आत वळत नाही. छोटा टेम्पो माळाचा चढ बघूनच मान टाकतो. ट्रॅक्टरनं माल न्यायचा तर पोचेपर्यंत ऊन डोक्यावर येतं. ही मधली गाडी सगळ्याला पुरून उरते. बांधावरून जाते, चढ चढते, डांबरीला लागली की कारच्या बरोबरीनं पळते. सकाळी बाया वाहून आणायच्या, दुपारी माल वाहून न्यायचा. एका गाडीत दोन्ही कामं!"

पाहुण्यांनी मान डोलावली. माझ्या शेजारी उभी असलेली ठकूबाई कानाशी लागून म्हणाली, "ऐकलं का देवका? आपन बी वाहायच्या चिजा झालो."

आम्ही दोघी पदराआड हसलो. तेव्हा राग आला नव्हता. माळावरच्या बागेत आम्ही तोवर पायी जात होतो, आणि आता गाडीनं जाणार होतो, त्याचंच अप्रूप वाटत होतं.

मी देवका भोये. आमचं गाव पेठच्या बाजूला, वर डोंगरात. भात निघालं की तिकडं काम उरत नाही. म्हणून दिवाळी झाली की आम्ही खाली द्राक्षाच्या मुलखात उतरायचो आणि शिमग्याला परत जायचो. टोळीत बहुतेक बायकाच. बोलणी करायला मी, म्हणून नाना मला नावानं ओळखायचे. बाकीच्या सगळ्या त्यांच्या लेखी 'बाया' होत्या.

नाना वाईट नव्हते. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना चार शिव्या घालाल आणि मोकळे व्हाल. वाईट माणसाचा राग आला तर तो येऊन जातो. नाना सणाला आम्हाला पुरणपोळी पाठवायचे, कुणाला ताप आला तर गोळ्या आणून द्यायचे, कधी कुणाकडे वाकड्या नजरेनं बघितलं नाही. असा माणूस जेव्हा नको ते करतो, तेव्हा तो राग कुठं ठेवावा तेच कळत नाही. मला आजही कळलेलं नाही.

आणि बाग? बाग ते जिवापलीकडं जपायचे. तोडणीच्या आधी आम्हा सगळ्यांची नखं स्वतः तपासायचे. घड उचलायचा तो देठाला धरून. मण्यांवर ती पांढुरकी भुकटी असते ना, तिला बोट लागलं तर नानांच्या कपाळाला आठी पडायची. "परदेशातलं गिऱ्हाईक भुकटी बघून माल घेतं," म्हणायचे. घड क्रेटमध्ये ठेवायचा तो झोपलेलं मूल पाळण्यात ठेवतात तसा. एखादीनं घाई केली तर नाना स्वतः वाकून दाखवायचे, "असा. अलगद. आवाज नाही आला पाहिजे."

आम्ही राहायचो खालच्या विहिरीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथून माळावरच्या बागेला जायचं म्हणजे आधी ओढा, मग दगडगोट्यांची चढण. संपत ड्रायव्हर सकाळी गाडी शेडसमोर लावायचा, आम्ही हौद्यात चढायचो, फाळका लागायचा, आणि मग जे व्हायचं ते बसलेल्यालाच ठाऊक. गाडी दगडावरून गेली की हौदा आम्हाला वर फेकायचा आणि आम्ही पत्र्यावर आपटायचो. माकडहाड, कंबर, दात, सगळं एकदम वाजायचं. उभं राहिलं तर तोल जातो, बसलं तर आदळतं. म्हणून आम्ही उकिडव्या बसून एकमेकींचे दंड धरायचो. पहिल्या दिवशी पोरी खिदळल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी कुणी हसत नव्हतं.

मी संपतला म्हटलं होतं, "जरा बेतानं हाक की रे भाऊ. आमी काय दगडं हाये का?"

"माझ्या हातात काय हाये काकी?" तो म्हणाला. "गाडीच अशी हाये. मोकळी असली का उडती. तिला विलाज नाय."

त्याच्या बोलण्यात खोट वाटली नाही. गाडीतलं आम्हाला काय कळणार? बैल मारका असतो, गाडी उडकी असते, असं म्हणून आम्ही सोडून दिलं.

त्याच हंगामात कमळीचं पोट गेलं. कमळी म्हणजे माझ्या पुतण्याची बायको, लग्नाला वर्ष व्हायचं होतं. अंगानं काटकुळी, बोलायला मऊ. चौथा महिना होता. दुपारी बागेतच पोटात कळा आल्या, संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं.

आमच्यात एक समज आहे. पोटुशी बाईनं ग्रहणात काही चिरायचं नाही, कापायचं नाही. कमळीचं पोट जायच्या आठवडाभर आधी ग्रहण होऊन गेलं होतं आणि ग्रहणाच्या दिवशी तिनं बागेत कात्री चालवली होती. झालं! गावी गेल्यावर तिच्या सासूनं, म्हणजे माझ्या जावेनं, तेच धरलं. "हिनं गिऱ्हानात कात्री चालवली. माझा नातू हिनं कापला." पाणी भरताना तेच, भाकरी थापताना तेच. बायका जमल्या की पुन्हा तेच. कमळी एका शब्दानं उलटून बोलली नाही. तिलाही ते खरंच वाटत होतं.

पुढच्या दिवाळीनंतर आम्ही पुन्हा खाली उतरलो तेव्हा कमळीला पुन्हा दिवस राहिलेले होते. मी म्हटलं, तू राहा गं घरी. तर म्हणाली, "काकी, घरात दिवसभर आत्याबाईंचं तोंड ऐकण्यापरीस मला बाग बरी." नवरा टोळीतच होता, म्हणून जावेनंही फार ताणलं नाही. फक्त कमरेला काळा दोरा बांधला आणि मला बजावलं, "हिच्या हाताला कात्री लागू देऊ नका."

मी ती लागू दिली नाही. कमळीला मी कडुलिंबाच्या सावलीत बसवलं. सुतळ्या सोडवून द्यायच्या, तोडणीच्या दिवशी क्रेटमध्ये कागद अंथरायचे, एवढंच तिचं काम. ग्रहण त्या हंगामात नव्हतंच. सुरीसुद्धा तिनं हातात घेतली नाही. कांदा मी चिरून द्यायची.

गाडीचं मात्र मला सारखं वाटायचं. सहावा लागल्यावर मी नानांना जाऊन सांगितलं, "नाना, कमळीला पुढं केबिनात बसवा. पोट दिसाय लागलंय पोरीचं."

नाना हसले. "देवका, आज एकीला पुढं बसवली की उद्या सगळ्यांची कंबर दुखायला लागते. टोळी तुला सांभाळायची असते, मला नको सांगू." मग जरा थांबून म्हणाले, "तिला मधे बसवत जा. मधे धक्का कमी लागतो."

आणि आम्ही तिला मधे बसवायला लागलो. चौघी चार बाजूंनी धरायच्या. गाडी उडाली की आमच्यासकट ती उडायची.

आता तो दिवस. बागेची त्या हंगामातली पहिली तोडणी होती. कंपनीच्या साहेबांनी आधी थोडाच माल मागवला होता, बघण्यापुरता. तो पसंत पडला तर अख्खी बाग परदेशी जाणार होती. नाना पहाटेपासून माळावर येऊन बसले होते, नवा सदरा घालून.

आम्ही ओढ्यात उतरलो तेव्हा गाडीनं एक हादरा दिला, तसा मी त्याआधी कधी खाल्ला नव्हता. ठकूबाईचं डोकं फाळक्यावर आपटलं. कमळीनं माझा दंड इतका घट्ट धरला की तिची नखं रुतली. ओरडली नाही. वर पोचलो, खाली उतरलो, ती झाडाखाली जाऊन बसली. मी तोडणीला लागले. पहिली ओळ संपवून पाणी प्यायला आले तर कमळी आडवी झाली होती आणि ओठ पांढरे पडले होते.

"काय गं?"

"काकी, मागल्यासारखंच दुखतंय." मग अगदी हळू म्हणाली, "अन डाग लागलाय."

तिनं माझा हात धरला आणि विचारलं, "काकी, मी कात्रीला हात लावला नाय. तुमी बघितलं ना? सांगाल ना आत्याबाईंना?"

पोटातलं जायला लागलंय आणि पोरीला काळजी कसली, तर सासूला साक्ष कोण देईल याची! मी ठकूबाईला तिच्याजवळ बसवलं आणि पिकअपकडं पळत सुटले. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं तर गाडी तीच. कमळीचा नवरा त्या दिवशी पलीकडच्या गावात फवारणीला गेला होता.

गाडी बांधाला लावलेली. संपत आणि एक गडी हौद्यात पोती चढवत होते. वाळूची, गच्च भरलेली. पुढच्या अर्ध्या भागात तळाला पोती लावून झाली होती, त्यावर फोमच्या जाड गाद्या अंथरल्या होत्या, त्यावर बबलशीट, म्हणजे हवेच्या फुग्यांचं प्लास्टिक, पसरायचं काम चाललं होतं. मी आले होते काय सांगायला, ते क्षणभर तोंडातच राहिलं.

"ही पोती कशाला रे?"

"माल थोडाच हाये ना आज," संपत हात झटकत म्हणाला. "मागच्या चाकांवरचे लोखंडी पाटे असत्यात टनाच्या वजनासाठी. थोडक्या वजनाला ते दबतच नाय, मंग गाडी उडती. वाळू टाकली का पाटे दबत्यात, गाडी खाली बसती. मणी गळत नाय, भुकटी हालत नाय. वर फोम हायेच."

मी वाकून एक पोतं दाबून बघितलं.

"हे तुला आज कळलं?"

"न्हाय वो. कोनताबी डायवर सांगंल. मोकळ्या पिकअपला वाळू टाकायचीच असती."

"मंग मला कसं म्हनला, विलाज नाय?"

आता त्याला समजलं मी काय विचारतेय. तो मान खाली घालून बबलशीटची गुंडाळी उलगडायला लागला.

"संपत. मी काय विचारते?"

"नाना म्हनले, रोज पोती कोन चढवनार आन कोन उतरवनार," तो पुटपुटला. "वजनानं डिझेल बी जास्ती जातं. मी बोललो होतो एकदा काकी, खरंच बोललो होतो."

मी डोंगरातली बाई. मला राग येतो तो लवकर येतो आणि तोंडातून बाहेर पडून संपून जातो. त्या दिवशीचा तसा नव्हता. तो पायापासून वर चढला आणि मी एकदम शांत झाले. माझ्या डोळ्यांसमोर माझी जाऊ आली, चुलीपुढं बसून "हिनं कापला, हिनं कापला" म्हणणारी. मागच्या वर्षीचं पोट गचक्यांनीच गेलं असं मी म्हणत नाही. डॉक्टरलाही ते छातीठोक सांगता आलं नसतं. पण ज्या पोरीला वर्षभर कात्रीपायी जाळलं, तिच्यासाठी कुणी एक पोतं वाळू टाकली नव्हती. आणि वाळू कुठं होती? आमच्या शेडच्या मागं ढीग पडला होता. आमची पोरं त्यात खेळायची.

नाना सावलीत क्रेट मोजत होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"नाना, कमळीला दुखायला लागलंय. गाडी पायजे. आत्ता."

"अरे देवा!" नाना खरंच दचकले. "जास्त आहे का?"

"डाग लागलाय."

त्यांनी उन्हाकडं बघितलं, क्रेटकडं बघितलं, मग गाडीकडं. "असं कर, मी ट्रॅक्टर बोलावतो. ट्रॉलीत गवत टाकू चांगलं, गोधडी टाकू. गडी देतो बरोबर. अर्ध्या तासात निघाल."

"पिकअप उभी हाये."

"पिकअपनं माल जायचाय ना देवका. साहेब वाट बघतायत. आजचा माल नाकारला तर वर्ष गेलं माझं."

"पोरीचं दुसरं वर्ष जातंय नाना."

"मी काय नाही म्हणतोय का? ट्रॅक्टर देतोय ना! तू मला कसाई समजतेस का काय?"

"कसाई तरी जनावराखाली गवत टाकतो," मी म्हटलं.

असं मी त्यांना कधी बोलले नव्हते. त्यांचं तोंड लाल झालं. मी तिथं थांबलेच नाही. बागेत शिरून हाक दिली, "कात्र्या ठेवा गं खाली! सगळ्या या!"

बायका आल्या. मी त्यांना गाडीजवळ नेलं आणि पोती दाखवली. जास्त काही सांगावं लागलं नाही. एकेक जण वाकून हौद्यात बघायची, फोमवर हात दाबून बघायची, आणि मागं सरायची. एका पोरीनं वाळूच्या पोत्यावर नुसती थाप मारली. दोन हंगाम त्याच हौद्यात आम्ही आपटलो होतो. प्रत्येकीला आपापली कंबर आठवली असणार.

"चढा," मी म्हटलं.

आम्ही चढलो. कुणी फोमवर बसली, कुणी फाळक्यावर. संपत बाजूला झाला. नाना लगबगीनं आले. पायातली एक चप्पल वाटेत राहिली होती, तेही त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"हे काय चाललंय? उतरा खाली! ते फोम स्वच्छ आहे, पाय कशाला ठेवता?"

"कमळीला आणून हितं निजवा," मी म्हटलं. "आमी लगेच उतरतो."

"देवका, डोकं ठिकाणावर ठेव. माल तोडून ठेवलाय, ऊन चढतंय. मी सांगतोय ना, ट्रॅक्टरवर न्या तिला!"

"मंग माल ट्रॅक्टरवर न्या."

"ट्रॅक्टरवर?" नाना कडाडले. "त्या रस्त्यानं? अगं, गचके बसून सगळा माल खराब होईल!"

बागेतले गडीसुद्धा हातातलं काम सोडून बघायला लागले होते. संपत चाकाकडं बघत होता. नानांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं. आपण काय बोललो ते त्यांच्याच कानात आता शिरत असावं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग झाडाखाली पडलेल्या कमळीकडं, आणि खाली बघून एकाच पायात चप्पल असल्याचं त्यांच्या लक्षात आलं.

"संपत," ते शेवटी म्हणाले, "ने तिला."

मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "आणि उद्यापासून तुझी टोळी माझ्या बागेत नको."

"बरं," मी म्हटलं.

तुम्हाला वाटेल, आम्ही दवाखान्यातून परत आल्यावर नाना निवळले असतील, चुकलं म्हणाले असतील. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही शेड रिकामी केली. तोंडातोंडी बातमी पसरली की देवकाची टोळी भांडखोर आहे, मालकाच्या गाडीत चढून बसते, आणि दोन हंगाम आम्हाला त्या भागात कुणी काम दिलं नाही. लांब, दुसऱ्या तालुक्यात जावं लागलं. टोळीतल्या काही जणी माझ्यावर रुसल्या, एक-दोघी अजून बोलत नाहीत. ठकूबाई मात्र शेवटपर्यंत माझ्याबरोबर राहिली. म्हणायची, "भांडखोर तर भांडखोर, माकडहाड तर शाबूत ऱ्हायलं."

आणि एक सांगायचं राहिलं. नानांचा माल त्या दिवशी ट्रॅक्टरनं गेला. ट्रॉलीत गवत टाकून, वर गोधड्या टाकून, अगदी सावकाश. तो माल पास झाला. सगळाच्या सगळा! साहेबांनी भुकटी चांगली राहिली म्हणून कौतुक केलं म्हणे. हे मला संपतनं पुढं कधीतरी बाजारात भेटल्यावर सांगितलं. तो हसत सांगत होता. मला हसू आलं नाही. म्हणजे सावकाश चालवलं असतं आणि खाली गवत टाकलं असतं तर तेवढ्यानंही भागत होतं. आमच्यासाठी तेवढंही कुणाच्या मनात आलं नव्हतं.

कमळी दवाखान्यात पंधरवडाभर पडून होती. डॉक्टरीणबाईंनी पहिलं सांगितलं ते हेच, की हिला आता गचका बसता कामा नये. पूर्ण दिवस भरून तिला मुलगी झाली. जाऊ म्हणाली, काळ्या दोऱ्याचा गुण. मी तिला ओढ्याचं, पाट्यांचं, वाळूचं सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि मुलीच्या कमरेलाही काळा दोरा बांधला. कात्रीचं मात्र त्यानंतर तिनं कधी काढलं नाही.

पण मी हे सगळं सांगत बसले ते ज्याच्यासाठी, ते वेगळंच आहे. त्या दिवशीची वाट.

आम्ही कमळीला उचलून हौद्यात फोमवर निजवलं. बबलशीट तिच्या खाली कुरकुरत होतं. तिचं डोकं मी मांडीवर घेतलं आणि तोंडावर ऊन येऊ नये म्हणून पदर धरला. संपतनं फाळका लावला, तोही आवाज न करता. गाडी निघाली. मी सवयीनं एका हातानं कडेचा लोखंडी गज धरला, दुसऱ्या हातानं तिला, आणि दात आवळले. चढणीचे दगड आले. मला प्रत्येक दगड पाठ होता. पहिला आला तशी मी श्वास रोखला. काही झालं नाही. हौदा जरासा खाली गेला, जरासा वर आला. दुसरा दगड, तसंच. ओढ्यात उतरलो, जिथं सकाळी ठकूबाईचं डोकं आपटलं होतं तिथं. गाडी पाण्यातून म्हशीसारखी डुलत पलीकडं गेली. मी गज सोडला. धरायची गरजच नव्हती.

मग डांबरी लागली. विहीर मागं पडली, आमची शेड मागं पडली, गावची कमान मागं पडली. मला रडू फुटलं. कमळीच्या काळजीनं नव्हे. खोटं कशाला सांगू? रागानं रडत होते मी. इतकं सोपं होतं. दोन हंगाम, रोज सकाळी, हे इतकं सोपं होतं.

कमळीचे डोळे मिटलेले होते. माझ्या डोळ्यातलं पाणी तिच्या कपाळावर पडलं असावं. तिनं डोळे न उघडताच विचारलं,

"काकी, नाना नाय म्हनले का?"

"का गं?"

"मंग गाडी का निघंना?"

"निघालो की बाई. कवाच निघालो. गाव मागं पडलं."

तिला ते खरं वाटलं नाही. तिनं फोमच्या कडेनं हात खाली सोडला आणि हौद्याचा पत्रा बोटांनी चाचपला. पत्रा थरथरत होता. हात तिनं तसाच ठेवला. मग म्हणाली,

"काकी, ही गाडी कोनाची?"